बोसनने पास केलेला रंग

कागदोपत्री आमच्या बोटीला एका राज्याचं नाव आहे, पण खाडीकाठी तिला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. ती एफी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये तोफांनी बेटंच्या बेटं हादरवून आलेली युद्धनौका, आणि आता चिखलात रुतून बसून शाळेच्या पोरांना जिने चढायला लावणारी. लढाई संपल्यावर ती भंगारात निघाली होती. गावाने हट्ट धरला, टगबोटींनी ओढत इथे आणली, आणि तेव्हापासून तिचं सगळं करणं आमच्या गळ्यात आहे. तक्रार नाही. तिची तक्रार मी केली तर चालते, बाहेरच्याने केलेली मला खपत नाही.

मी वेल्डा. खाडीच्या पुलाअलीकडे माझं रंगाचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. माणसांच्या बाबतीत मी चुकते, दोनदा लग्न करून दोनदा चुकले. रंगाच्या बाबतीत चुकत नाही. कोणी पडद्याचा चिंधीएवढा तुकडा आणून दिला तरी त्या रंगाचा डबा मी दुपारपर्यंत बनवून देते. एफीला लागणारा रंग माझ्याच दुकानातून जातो, आणि तो सतत लागतो. इथली खारी हवा लोखंडाला रोज चाखते. एका टोकाकडून गंज खरवडत निघालेली माणसं दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज आलेला असतो.

ही माणसं म्हणजे तिचेच जुने खलाशी. जे जवळपास राहतात ते शनिवारी येतात, खरवडतात, लाल अस्तर मारतात, रंग देतात, आणि कामापेक्षा भांडतात जास्त. त्यांच्या वागण्याचा एक प्रकार मला समजायला वर्षं गेली. लढाई संपून पन्नास वर्षं झाली, पण बोटीच्या शिडीवर पाय ठेवला की जो तो आपल्या जुन्या हुद्द्यावर जातो. जडसन प्रॅट हा आमच्या गावातल्या बँकेचा मॅनेजर म्हणून निवृत्त झाला, बोटीच्या समितीचा अध्यक्ष आहे, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. पण लढाईत तो होता डेकवरचा साधा खलाशी. आणि थर्मन लेडू, जो जन्मभर कोळंबीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करत आला, तो होता त्याचा बोसन. बोसन म्हणजे डेकवरच्या पोरांचा मुकादम. दोर, रंग, साफसफाई आणि शिव्या ही चारही खाती त्याची. त्यामुळे बोटीवर थर्मनने नुसतं "प्रॅट" म्हटलं की आमचा बँक मॅनेजर पाठ ताठ करून "हो, बोसन" म्हणतो आणि बादली उचलतो. त्याच्या बायकोने एकदा हे पाहिलं आणि घरी करून पाहिलं. उपयोग झाला नाही.

तर ह्या मंडळींचा एक नियम होता. बोसनने पास केल्याशिवाय एफीला रंगाचा थेंब लागायचा नाही. मी डबा घेऊन जायची. थर्मन काडीने एक ठिपका अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, हात लांब करायचा, आणि नख पाण्यासमोर धरून एक डोळा बारीक करायचा. मग म्हणायचा, "पास." किंवा काहीच म्हणायचा नाही, आणि मी डबा उचलून परत निघायची.

सत्त्याण्णव सालापर्यंत ह्यात अडचण आली नाही, कारण तोवर एफी फिक्या राखाडी रंगाची होती. शांततेच्या काळातला सरकारी रंग, त्यात चुकायचं काय. पण त्या वर्षीच्या शरदात जुन्या खलाशांचा मोठा मेळावा आमच्याकडे भरायचा होता, देशभरातून माणसं येणार होती, आणि समितीने ठरवलं की एफीला लढाईतला रंग द्यायचा. गडद, राखेत बुडवलेला निळा. आणि तो रंग नेमका कसा होता, हे सांगायला थर्मनपेक्षा मोठा माणूस नव्हता, कारण तो त्याने स्वतःच्या हाताने लावला होता.

ती हकिकत त्याने मला एका शनिवारी सांगितली, तोफेच्या कठड्याला टेकून, डब्यातली कोळंबी खाता खाता. बोट लढाईवर निघाली तेव्हा तिच्या अंगावर पट्टे होते, काळे-पांढरे, शत्रूला दिशा कळू नये म्हणून. मग वरून हुकूम आला की आता धोका पाणबुड्यांचा नाही, विमानांचा आहे, आणि वरून बघणाऱ्याला बोट पाण्यासारखी दिसायला हवी. एका खाजणात नांगर टाकून सगळी बोट एका रंगाने रंगवायची होती. पोरं दोराला फळ्या बांधून कठड्याबाहेर लटकली. थर्मनच्या फळीवर दुसरा होता ऑर्व्हल नावाचा पोरगा, डोंगराळ भागातला, पोहता न येणारा. बोटीत पोहता न येणारा माणूस भरती कसा झाला हे थर्मनला कधीच कळलं नाही. दोघांत एकच डबा होता. ऑर्व्हल भीतीने एका हाताने दोर धरायचा आणि एका हाताने रंगवायचा, त्यामुळे त्याच्या बाजूला रंग कमी आणि थर्मनच्या अंगावर जास्त. आठवडाभर थर्मनच्या कानामागून रंग निघत होता.

पुढे काही आठवड्यांनी शत्रूचं एक विमान एफीवर येऊन आदळलं. ऑर्व्हल ज्या तोफेवर होता तिच्या कठड्यालाच. ते सगळं थर्मनने दोन वाक्यांत सांगितलं आणि कोळंबीचा डबा बंद केला. मग म्हणाला, "दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे रंग द्यायचा होता. नौदलात तसंच असतं, धुवायचं आणि रंग द्यायचा. मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मिस वेल्डा, मी माझ्या आईचा चेहरा विसरेन एखाद वेळेस. तो रंग नाही विसरणार."

मग त्याने मला तोफेच्या कठड्याच्या आतल्या बाजूला एक जागा दाखवली. जडसनने तिथे हातभर जागा फार जपून खरवडली होती, एकेक थर उतरवत. वरच्या सगळ्या थरांखाली तो निळा होता. मी गुडघ्यावर बसून बघितला. फार सुंदर रंग, गंभीर, पावसाआधीच्या खाडीसारखा. मी म्हटलं, "मिस्टर थर्मन, मग काम सोपं झालं. ह्याचाच मी डबा बनवते."

थर्मनने वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याचा? हा तर चिखल झालाय. पन्नास वर्षांत सडला बिचारा. ह्यात निळा कुठे आहे?"

उन्हाने रंग उडतो हे खरं. पण तो थर पन्नास वर्षं दुसऱ्या रंगांखाली झाकलेला होता, त्याला ऊन लागणार कुठून. हे मी बोलले. जडसनने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये शिटी वाजवली.

तरी मी दुकानात जाऊन त्या थराच्या रंगाचा डबा बनवलाच. थर्मनने नखावर ठिपका घेतला, पाण्यासमोर धरला, आणि काही बोलला नाही. मी डबा उचलला. दुसरा बनवला, थोडा निळा वाढवून. गप्प. तिसरा. गप्प. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "जवळ आलीस. अजून निळा घाल, हात आखडू नकोस." मी निळा घातला. त्याने नख पाण्यासमोर धरलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. "पास," तो म्हणाला. "हाच. हाच आमचा डबा."

मी डब्यात बघितलं. तो रंग लहान मुलांच्या खेळण्यातल्या होडीचा होता.

मी गप्प बसणारी बाई नाही. सरळ म्हटलं, "हा फार निळा आहे."

"मिस वेल्डा," तो शांतपणे म्हणाला, "तू तिथे होतीस का?"

मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मी जडसनकडे बघितलं, बाकीच्या म्हाताऱ्यांकडे बघितलं. त्यांतल्या ज्यांना दिसत होतं त्यांना दिसत होतं, चेहऱ्यांवरून कळत होतं. पण सगळे मूग गिळून बसले. बोसनने पास केलं म्हणजे झालं. ह्या माणसांनी तरुणपणी ज्या शिस्तीवर जीव वाचवले, त्याच शिस्तीवर त्यांनी एफीला आकाशी रंग दिला, पुढून मागून, दोन्ही बाजूंनी, सगळा उन्हाळाभर. आणि मी डबे पुरवले. मला राग आला होता, पण त्या सैल झालेल्या चेहऱ्यावर तो काढणार कसा.

गावाला हसायला निमित्त मिळालं. कोणी एफीला पोहण्याचा तलाव म्हणे, कोणी टूथपेस्ट. सकाळच्या रेडिओवरचा पोरगा म्हणाला की शत्रूच्या वैमानिकाने अशी बोट पाहिली असती तर तो हसून हसूनच पाण्यात पडला असता. एका कोळ्याने माझ्या दुकानात येऊन विचारलं की तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी एफीचा रंग मिळेल का. त्याला मी दार दाखवलं. थर्मनच्या कानावर ह्यातलं काही जाऊ नये म्हणून त्याची बायको नडीन सकाळी रेडिओची वायर काढून ठेवायची आणि तो बिघडलाय म्हणायची. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याला हे सांगायचं म्हणजे धाडसच.

ह्या निळ्याचं कारण आम्हाला नडीनकडूनच कळलं. ती एकदा दुकानात आली आणि म्हणाली की थर्मन म्हणतो आपला फ्रिज पिवळा पडलाय, बदलायला हवा. फ्रिज नवा होता, दुधासारखा पांढरा. तो निळ्या पँटवर तपकिरी मोजे घालतो आणि जोडी जमली म्हणतो. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय, चांगला पिकलेला, पण तो काही ऐकत नाही. गार, बिनदुधाच्या चहाचा पेला डोळ्यासमोर धरून जग बघावं तसं तो बघत होता, वर्षानुवर्षं, आणि हळूहळू झाल्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. चहातून निळा दिसायचा तर तो केवढा निळा असायला हवा, हे मी रंगवाली असून माझ्या तोवर डोक्यात आलं नव्हतं.

"मग त्याला सांग ना," मी म्हटलं.

नडीन काउंटरवरचा रंगांचा तक्ता चाळत राहिली. "काय सांगू? की तुला ऑर्व्हलचा रंग आठवत नाही म्हणून? तू सांग, वेल्डा. माझ्याने नाही व्हायचं."

माझ्यानेही झालं नाही.

डोळ्यांचं काम शेवटी गाडीमुळे झालं. मेळाव्याच्या आधी थर्मनचं गाडीचं लायसन संपलं, आणि नव्यासाठी गेला तर भिंतीवरची अक्षरं वाचता येईनात. लायसन नाही म्हणजे पुलावरून बोटीपर्यंत नडीनने न्यायचं, आणि नडीन पुलावर इतकी सावकाश चालवते की पेलिकन पक्षी पुढे निघून जातात. दोन शनिवार त्याने हे सोसलं. तिसऱ्याला म्हणाला की काढा काय काढायचा तो मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, महिन्याने डावा. मेळाव्याच्या आठवड्यातच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी काढली त्या सकाळी नडीनचा मला फोन आला. आवाज खाली करून म्हणाली, "आम्ही बोटीकडे निघालोय. त्याला थांबवायला मी सतरा कारणं सांगितली. तू ये बाई." मी दुकानाला कुलूप घातलं. वाटेत जडसनला उचललं. तो चर्चच्या कपड्यांत होता, का ते मी विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा थर्मन गाडीतून उतरला होता, पण बोटीकडे पाठ करून उभा होता. तो नडीनकडे बघत होता. "तुझ्या ड्रेसवर जांभळी फुलं आहेत," तो म्हणाला. "मला वाटायचं तपकिरी. मनात म्हणायचो, बाईने एवढा वाईट ड्रेस का घेतला असेल." नडीन हसली आणि रडली आणि त्याला म्हणाली की चल, घरी जाऊ, तुझ्या आवडीचा नाश्ता करते. तो म्हणाला, आधी एफीला भेटतो. आणि वळला.

ऊन तिच्या अंगावर पूर्ण पडलं होतं. ती इतकी निळी होती की मागचं आभाळ धुवट दिसत होतं.

"प्रॅट," थर्मन म्हणाला.

"हो, बोसन."

"हा रंग कोणी पास केला?"

जडसनने पाठ ताठ केली. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली की सांगता येत नाही. "तुम्ही, बोसन."

थर्मनने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. "आणि तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं?"

"ज्यांना दिसतंय त्यांना दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बोसन," जडसन म्हणाला. "तुम्ही सांगितलंत."

धक्क्यावर दोर बांधायचा लोखंडी खुंट आहे, थर्मन त्याच्यावर बसला. मला वाटलं होतं तो ओरडेल. शिव्यांचं खातं त्याच्याकडेच होतं. पण तो नुसता हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "हे जर मला नीट आठवत नसेल तर बाकीचं काय खरं धरायचं? तो पोरगा एका हाताने दोर धरायचा ते तरी खरं का? त्याचं मागे कोणी नाही, मिस वेल्डा. त्या फळीवरच्या पोराला आठवणारा मी एकटा. आणि मी असा."

आता मात्र मला राहवलं नाही. मी त्याचा दंड धरला आणि त्याला उठवलं. नडीन ओरडत होती की त्याने वाकायचं नाही, जिने चढायचे नाहीत, डॉक्टरांनी बजावलंय. मी म्हटलं, चढेल. मी त्याला सावकाश वर नेलं, त्या तोफेच्या कठड्यापाशी, आणि आतल्या बाजूची ती हातभर खरवडलेली जागा दाखवली. उन्हाळ्यात सगळं रंगवताना जडसनने तेवढी सोडली होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि बोसनच्या हुकमाविरुद्ध त्याने आयुष्यात केलेली ती एकमेव गोष्ट असावी.

"हा चिखल म्हणाला होतात," मी म्हटलं. "आता बघा."

तो वाकायला गेला, नडीनने मागून त्याचा शर्ट धरला, म्हणून तो ताठच राहून खाली बघू लागला. मग त्याने हात पुढे केला आणि अंगठ्याचं नख त्या जुन्या रंगाला लावलं.

"हाच," तो म्हणाला. "मिस वेल्डा, हाच होता. मला बरोबर आठवत होता."

"बरोबरच आठवत होता," मी म्हटलं. "आठवणीला काही झालेलं नव्हतं. मध्ये चहा आला होता."

तो हसला, आणि हसणं संपायच्या आत बोसन झाला. म्हणाला की मिस वेल्डा, आत्ताच्या आत्ता खरा रंग बनव; प्रॅट, पोरांना गोळा कर, मेळाव्याच्या आधी हिला नीट करायची. त्याची पोरं सत्तरीच्या पुढची. आणि मेळावा दुसऱ्या दिवशी होता. मी म्हटलं की अख्खी बोट एका रात्रीत रंगवायची तर नौदल बोलवावं लागेल. तेव्हा तो म्हणाला की मग मी उद्या येत नाही. त्या माणसांसमोर ह्या खेळण्यापुढे उभा राहणार नाही. ज्या माणसांनी हिच्यावर मित्र गमावले त्यांना मी हे दाखवू? नडीनने त्याला घरी नेलं. जाताना त्याने बोटीकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, कारण नडीन म्हणाली की ती एकटी गाडी घेऊन जाईल, आणि पुलावर तिच्यामागे अख्ख्या मेळाव्याची रांग लागेल. तो आला आणि तिकीटघराच्या सावलीत, कोणाला दिसणार नाही असा, खांबामागे उभा राहिला. मी त्याच्याजवळ उभी होते. पळाला तर धरायला कोणी हवं.

बसगाड्या आल्या. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, बोटीचं नाव लिहिलेल्या टोप्या, मुली, सुना, जावई. पहिली गाडी रिकामी झाली आणि पुढची माणसं धक्क्यावर येऊन थांबली. मागचे विचारायला लागले की काय झालं, चला ना पुढे. पण पुढचे हलेनात. मग कोणी तरी टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

त्यात वायली नावाचा एक होता, ऑर्व्हलच्याच तोफेवरचा, त्या दिवशी वाचलेला. नात त्याची खुर्ची ढकलत होती. तो हात वर करून बोटीकडे दाखवत म्हणाला, "अशीच होती. बघ पोरी, अश्शी होती ती, लढाईत. मी तुला सांगायचो ना, तो रंग सांगताच येत नाही म्हणून? तो हा." नात बोटीकडे बघत राहिली, तिला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. पण शहाणी पोर, ती म्हणाली, "हो आजोबा."

त्याच्या शेजारचा म्हणाला की हाच, दुसरा नाही. तिसरा रुमालाने डोळे पुसत होता. मला तेव्हा कळलं की काय झालं आहे. सगळ्यांच्या डोळ्यांत तोच चहा होता. थर्मनने आपल्या डोळ्याला जुळवून घेतलेला रंग त्या सगळ्या म्हाताऱ्या डोळ्यांना जुळत होता, आणि पन्नास वर्षांनी त्यांना त्यांची एफी जशीच्या तशी दिसत होती. ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली होती असे काही असणारच. ते एकमेकांकडे बघत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. ही माणसं कुठे गप्प बसायचं ते जाणतात.

थर्मन खांबामागून सगळं ऐकत होता. त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "मंडळी घरी जाईपर्यंत कोणी हिच्या अंगाला ब्रश लावायचा नाही," तो म्हणाला. "सोमवारी खरा रंग बनवायला घे. पुढच्या पोरांना खोटी बोट दाखवायची नाही. पण हे तीन दिवस ह्यांचे." मग टोपी नीट केली आणि उन्हात गेला.

त्याला बघून एकच गलका झाला. मग सगळे वर गेले, जसं जमेल तसं. वायलीला दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. त्याने मागून घेतलं म्हणून त्याला आधी त्या तोफेपाशी नेलं. तो कठड्यावरून हात फिरवत होता, ताज्या रंगावरून, जिथे विमान आदळलं होतं तिथून, पुन्हा पुन्हा.

"बोसन," तो म्हणाला, "ही जागा कोणी रंगवली?"

"मी," थर्मन म्हणाला.

"तेव्हा पण तुम्हीच रंगवली होतीत. मी दवाखान्यातून वर आलो तर तुम्ही इथे गुडघ्यावर होता. बाकी सगळी बोट सोडून." वायलीने तळवा कठड्यावर टेकला. "रंग बरोबर लागलाय ना? मला आता नीट दिसत नाही, पण मला तोच वाटतो. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

आम्ही सगळे थर्मनकडे बघू लागलो. थर्मन खोटं बोलणारा माणूस नाही, आणि खरं बोलला तर वायलीच्या हाताखालून ती जागा निसटणार होती. थर्मन एक पाऊल मागे सरला. त्याने उजवा हात वर केला आणि तळव्याने नवा डोळा झाकला. जुन्या, चहाच्या डोळ्याने त्याने त्या कठड्याकडे बघितलं. वाटलं त्यापेक्षा खूप वेळ बघितलं. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तिथे आता नुसता कठडा नाही, ऑर्व्हलही आहे.

"बरोबर लागलाय, वायली," तो म्हणाला. "अगदी तोच आहे."

हात त्याने खाली घेतला नाही. वायलीला पुढे नेलं, बाकीची माणसं पुढे गेली, तरी तो तसाच उभा होता, आणि तळव्याखालून पाणी ओघळून मनगटापर्यंत आलं होतं. नडीनने पर्समधून रुमाल काढला आणि त्याला ओरडली की त्या डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डॉक्टरांनी काय सांगितलंय.

"बाहेरचं जाऊ द्यायचं नाही म्हणालेत," थर्मन म्हणाला. "आतून येणाऱ्याचं काही बोलले नाहीत."